दोन रोपं, एक वाफा

समजा, तुमच्या घरामागे सहाशे चौरस फूट मोकळी जागा आहे. पुण्या-मुंबईत एवढ्या जागेत अख्खा वन बीएचके बसतो. पण तुम्ही राहता अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये किंवा कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामध्ये, आणि या जागेत तुम्हाला एक भोपळा लावायचा आहे. एकच. भाजीसाठी नाही, तर ऑक्टोबरमध्ये फोर्कलिफ्टने उचलून काट्यावर ठेवण्यासाठी.

मे महिना आहे. एप्रिलमध्ये तुम्ही घरातच दिव्याच्या उबेला चार बिया रुजत घातल्या होत्या. एक उगवली नाही. एकीचं रोप पिवळं पडून गेलं. दोन उरलीत, दोन्ही निरोगी. जागा मात्र एकाचीच. कुठलं ठेवाल?

आपल्याकडे भोपळा म्हटलं की परीक्षेतला शून्य आठवतो, नाहीतर लेकीकडे निघालेली म्हातारी. त्यामुळे भोपळ्याच्या रोपावरून कोणी रात्र रात्र जागतं हे ऐकून हसू येईल. पण हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. जागा कमी आणि लायक जास्त, हे घरात होतं, शाळेत होतं, नोकरीत होतं. तिथे माणसं गुंतलेली असतात म्हणून आपण लगेच बाजू घेतो, चिडतो किंवा गप्प बसतो. भोपळ्याच्या बाबतीत कोणाला काही सिद्ध करायचं नसतं. त्यामुळे निवड करताना आपण नेमकं काय करतो, हे तिथे जरा स्वच्छ दिसतं.

आधी या खेळाची थोडी ओळख. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या विल्यम वॉर्नॉक यांनी १९०४ साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात ४०३ पौंडांचा, म्हणजे सुमारे १८३ किलोंचा भोपळा नेला. तो विक्रम १९७६पर्यंत कोणी मोडला नाही. त्यानंतर नोव्हा स्कोशियातल्या विंडसर गावचे शेतकरी हॉवर्ड डिल यांनी वर्षानुवर्षं निवड करून तयार केलेलं ‘अटलांटिक जायंट’ हे वाण जगभर पसरलं. १९९६मध्ये भोपळ्याने हजार पौंड ओलांडले, २०१२मध्ये दोन हजार. २०२३मध्ये कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे इथे १२४७ किलोंचा भोपळा तोलला गेला आणि २०२५मध्ये इंग्लंडमधल्या दोन जुळ्या भावांनी विक्रम १२७८.८ किलोंवर नेला. ऐन भरात असताना असा भोपळा एका दिवसात वीस किलोंहून जास्त वाढतो. सकाळी बघितलेला भोपळा संध्याकाळी वेगळा असतो.

हे घडतं कसं? एका वेलाला पाचशे ते हजार चौरस फूट जागा द्यायची. वेल पुढे सरकेल तसं पेराला माती लावायची, म्हणजे तिथेही मुळं फुटतात. जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीला मादी फूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी ते झाकून ठेवायचं आणि सकाळी निवडलेल्या वेलाचं नर फूल तोडून हाताने परागीकरण करायचं. दोन-तीन फळं धरली की त्यातलं एक ठेवून बाकीची काढून टाकायची. सगळ्या पानांनी केलेलं अन्न एकाच फळात गेलं पाहिजे. म्हणजे हा भोपळा वाढवण्याचा जेवढा खेळ आहे तेवढाच काढून टाकण्याचाही आहे. आधी बिया बाजूला काढायच्या, मग रोपं, मग फुलं, मग फळं. आपल्या शेतकऱ्याला याचं नवल वाटणार नाही. ज्वारी-बाजरीची विरळणी तो पिढ्यान्‌पिढ्या करतो आणि नाशिकच्या द्राक्षबागेत निर्यातीच्या मालासाठी घडातले मणीसुद्धा विरळ केले जातात.

आता आपल्या दोन रोपांकडे येऊ. पहिल्याची कुळी मोठी. या छंदात बियांची नावंच त्यांच्या फळाचं वजन, पिकवणाऱ्याचं आडनाव आणि साल यांवरून ठेवतात. २०१२मध्ये ऱ्होड आयलंडच्या रॉन वॉलेस यांनी २००९ पौंडांचा भोपळा पिकवला, म्हणून त्याची बी ‘२००९ वॉलेस’. नावाजलेल्या भोपळ्याच्या एकेका बीला लिलावात शेकडो डॉलर मिळतात. समजा, आपलं पहिलं रोप अशाच नावाजलेल्या घराण्यातलं आहे, पण अंगाने बेताचं. दुसरं साध्या बीचं. कोणीतरी पाकिटात घालून सहज दिलेलं. पण ते चार दिवस आधी उगवलं, त्याचं खोड जाड आहे, पान हिरवंगार आणि वेल आत्ताच पुढे झेपावू लागलाय.

एकाच्या बाजूने घराणं बोलतंय, दुसऱ्याच्या बाजूने समोर दिसणारा जोम. यात बरोबर कोण?

खरं सांगायचं तर दोन्ही साक्षीदार कच्चे आहेत. एका भोपळ्यात शेकडो बिया असतात आणि त्या एकमेकींच्या नकला नसतात. एकाच आईबापाची मुलं वेगवेगळी निघतात तसंच. त्यामुळे घराणं म्हणजे फक्त शक्यता. जोमाचंही तेच. वीस दिवसांचं रोप जोरात वाढतंय याचा अर्थ ते ऑगस्टमध्ये ती ताकद फळात घालेल असा होत नाही. नुसता पाला वाढवणारे वेलही असतात. शिवाय ते चार दिवस आधी उगवलं ते बीच्या गुणाने की कुंडी दिव्याच्या जवळ होती म्हणून? हे रोपाकडे बघून कळत नाही.

मग दोन्ही ठेवावीत का? पहिल्यांदा सगळ्यांच्या मनात हेच येतं आणि ते वाईट नाही. थोडे दिवस ठेवायला काहीच हरकत नाही, कारण रोज थोडी नवी माहिती मिळते. पण याला मुदत असते. वेल एकमेकांपर्यंत पोचले, पानांवर पानं चढली, पेरापेराला फुटलेली मुळं मातीखाली एकमेकांत गेली, की मग एक उपटताना दुसऱ्याचीही मुळं तुटतात. निर्णय न घेणं हाही एक निर्णय असतो आणि त्याची किंमत दोघांना मिळून द्यावी लागते. म्हणून कधीतरी एका सकाळी तुम्ही खाली वाकता आणि एक रोप उपटून खताच्या ढिगावर टाकता.

इथपर्यंत काही चुकीचं झालेलं नाही. घोळ होतो तो यानंतर.

समजा, तुम्ही जोमदार रोप ठेवलं. त्याला सहाशे फूट जागा दिली. पाणी, खत, उन्हासाठी आडोसा, थंडीसाठी पांघरूण, रोजची देखरेख, सगळं दिलं. ऑक्टोबरमध्ये सहाशे किलोंचा भोपळा काट्यावर चढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तुम्ही म्हणालात, “मला तेव्हाच वाटलं होतं.” पण काट्यावर एकच भोपळा आहे. उपटलेल्या रोपाचा भोपळा कोणी तोललेला नाही, तोलताही येणार नाही. तो कदाचित तीनशे किलोंचा झाला असता, कदाचित नऊशेचा. सहाशे किलो हे तुमच्या मेहनतीचं मोजमाप आहे, ठेवलेल्या रोपाच्या कुवतीचंही आहे. तुमच्या निवडीचं मोजमाप मात्र ते नाही, कारण निवड तपासायला दोन वजनं लागतात.

यावर कोणी म्हणेल, १८३ किलोंवरून १२७८ किलोंपर्यंतचा प्रवास झाला तो निवडीमुळेच ना? अगदी बरोबर. शेकडो बागांत, हजारो बियांवर, वजनांच्या नोंदी ठेवून पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली तर वाण सुधारतं. हॉवर्ड डिल यांचं अख्खं आयुष्य याची साक्ष आहे. पण वाण सुधारलं म्हणून कुठल्या एका बागेतला, कुठल्या एका सकाळचा निर्णय बरोबर होता असं ठरत नाही. एकंदर हिशोब खरा असू शकतो आणि त्यातली एकेक नोंद तरीही अंदाजाने केलेली असू शकते. आपण मात्र एकंदर हिशोबाची खात्री उचलून एकेका नोंदीला चिकटवतो.

माणसांच्या बाबतीत हे कसं घडतं याचं एक सुंदर उदाहरण योगायोगाने कॅनडातलंच आहे. रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासून दाखवलं, की वरच्या पातळीवरच्या संघांमध्ये जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली मुलं बरीच जास्त आणि वर्षाच्या शेवटी जन्मलेली बरीच कमी असतात. ग्रहताऱ्यांचा संबंध नाही. तिथे वयोगट १ जानेवारीला ठरतो. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला एकाच गटात खेळतात. लहान वयात अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंची, वजन आणि ताकद यांत मोठा फरक. प्रशिक्षक मोठ्या दिसणाऱ्या मुलाला ‘गुणी’ म्हणून उचलतो. मग त्याला जास्त सराव मिळतो, चांगले सोबती मिळतात, जास्त सामने मिळतात. काही वर्षांनी तो खरंच गुणी झालेला असतो. चार दिवस आधी उगवलेलं रोप ते हेच.

इथे प्रशिक्षकाला विचारलं तर तो म्हणेल, “बघा, मी निवडलेली मुलंच पुढे गेली.” तो खोटं बोलत नाही. फक्त पुढे गेलेली मुलं निवडीआधी जी होती आणि निवडीनंतर जी झाली, यातला फरक त्याला दिसत नाही. आपल्या शाळांत शिष्यवृत्तीच्या जादा तासाला वर्गातली वीस मुलं बसवतात आणि बाकीची घरी जातात. दहावीला त्या विसांकडे बोट दाखवून बाई म्हणतात, पहिल्यापासूनच हुशार होती. घरी गेलेल्या चाळीस जणांचं वजन कोणी केलेलं नसतं.

आमच्या घरातही असा एक वाफा होता. आजोबांची मराठवाड्यात कोरडवाहू जमीन होती. माझे काका आणि बाबा यांच्यात सव्वा वर्षाचं अंतर. दुसरीत असताना काकांना मुदतीचा ताप आला, वर्ष बुडालं आणि दोघे एका वर्गात आले. सातवीनंतरची शाळा तालुक्याला होती. तिथे राहायचं, खोली, डबा, फी, एवढं एकाचंच परवडणार होतं आणि शेतातही एकजण हवा होता. सातवीच्या परीक्षेत बाबांना थोडे जास्त मार्क पडले. आजोबांनी त्यांना पाठवलं.

निवड दिसायला न्याय्य होती. एक वर्ग, एक मास्तर, एकच पेपर. पण काका थोरले म्हणून पहाटेचं गुरांचं काम त्यांच्याकडे असायचं आणि बाबा तेव्हा कंदिलाशी वाचत बसलेले असायचे. पेपर एक होता, ऊन वेगवेगळं होतं. बाबा पुढे इंजिनिअर झाले. घरात वाक्य रूढ झालं, “धाकटा मुळातच हुशार.” हे म्हणणाऱ्यांत काकाही असायचे. मी लहानपणी त्यांच्याबरोबर मोंढ्यात जायचो तेव्हा आडत, हमाली, तोलाई वजा करून पट्टीवरचा आकडा ते व्यापाऱ्याच्या कॅल्क्युलेटरच्या आधी सांगायचे. त्या आकड्याला कोणी हुशारी म्हटलं नाही. तो हिशोब होता, म्हणे.

आणि दोन आत्यांची गोष्ट तर इथे सांगण्याइतकीही नाही. त्यांच्यात आणि भावांमध्ये निवड झालीच नव्हती. निवडीत हरायला आधी निवडीत असावं लागतं. काही बिया रुजतच घातल्या जात नाहीत आणि नंतर आपण अभिमानाने सांगतो, की उगवलेल्यांतून आम्ही सर्वांत चांगली निवडली.

आजोबा चुकले का? मला तसं म्हणवत नाही. पैसा खरंच एकाचाच होता. दोघांना अर्ध्या शाळेत पाठवता येत नाही. बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९७६च्या ‘मॉरल लक’ या निबंधात अशा निर्णयांबद्दल लिहिलंय. चित्रकार गोगँ बायकामुलांना सोडून चित्रांसाठी दूर निघून गेला. त्याच्या जाण्याचं समर्थन करता येईलच असं नाही. पण करायचंच झालं तर ते फक्त तो मोठा चित्रकार ठरला तरच शक्य आहे, आणि जाण्याच्या दिवशी तो तसा ठरेल की नाही हे त्याला माहीत असणं शक्य नव्हतं. विल्यम्सचा मुद्दा असा, की काही निर्णयांचा न्याय पुढे काय घडलं यावर टांगलेला राहतो. मला यात एक भर घालावीशी वाटते. पुढे काय घडलं यातही आपण अर्धंच बघतो. बाबा इंजिनिअर झाले म्हणून आजोबांची निवड बरोबर, असं म्हणताना काका काय झाले असते हे वजन आपण शून्य धरलेलं असतं.

इथे एक फरक स्पष्ट करायला हवा, नाहीतर भोपळ्याची उपमा आपल्यालाच गुंडाळून नेईल. उपटलेल्या रोपाचं काही हिरावलं जात नाही, निदान त्या अर्थाने नाही. त्याला उद्याची वाट बघायची नसते. आपल्यापेक्षा शेजारचं का ठेवलं, असा सल त्याला नसतो. बागाईतदाराने रोप उपटलं तर तो क्रूर नाही आणि त्यासाठी रडत बसलाच तर ते थोडं नाटकी होईल. पण माणसाला आपण टाकले गेलो हे कळतं, आणि त्याहून वाईट म्हणजे का टाकले गेलो याबद्दल जे सांगितलं जातं ते त्याला खरं वाटू लागतं. काकांची शाळा गेली हे एक नुकसान. ‘मी मुळात बेताचाच’ हे त्यांना पटलं, हे दुसरं. पहिलं गरिबीने केलं. दुसऱ्याला गरिबीची गरज नव्हती.

म्हणूनच मला सोडत ही गोष्ट महत्त्वाची वाटते. शिक्षण हक्काच्या २००९च्या कायद्यानुसार खासगी शाळांत ज्या २५ टक्के जागा राखीव असतात, त्यांच्यासाठी आपल्या राज्यात ऑनलाइन सोडत निघते. ज्या मुलाचं नाव येत नाही त्याच्या आईबापांना वाईट वाटतं, संतापही येतो. पण त्या मुलाला ‘ढ’ कोणी म्हणत नाही. म्हाडाचं घर न लागलेल्या माणसाला नालायक कोणी समजत नाही. सोडतीत जागा कमी होत्या हे सत्य तसंच्या तसं उघडं राहतं. गुणवत्तेच्या यादीत मात्र तेच सत्य झाकलं जातं. जागा शंभर आणि लायक हजार असले, तरी शंभराव्या आणि एकशे एकाव्यामधल्या अर्ध्या मार्काला आपण माणसांमधला फरक म्हणतो.

याचा अर्थ सगळीकडे चिठ्ठ्या टाका, असा नाही. मर लागलेलं रोप आणि निरोगी रोप यांत नाणं उडवणारा माणूस न्यायी नसतो, आळशी असतो. जिथे फरक खरंच दिसतो तिथे डोळे वापरलेच पाहिजेत. पण फरक दिसायचा थांबतो तिथे थांबायला हवं. उरलेल्या दोघांपैकी एकाला उचलताना निदान स्वतःशी तरी म्हणायला हवं, की इथून पुढे मी ओळखत नाहीये, नुसता ठरवतोय. आणि ठरवलं म्हणून याला आता सगळं ऊन मिळणार आहे.

आणखी एक प्रश्न उरतो, जो रोपांकडे बघताना सुचत नाही. जागा एकाचीच, हे कोणी ठरवलं? सहाशे फूट जागेत घरच्या भाजीसाठी साधा भोपळा लावला तर चार वेलही बसतील आणि शेजारीपाजारी वाटूनही उरेल. वेल एकच हवा, कारण स्पर्धेत सर्वांत जड एकच फळ मोजतात. म्हणजे टंचाई पूर्णपणे जमिनीतली नाही, काही प्रमाणात ती खेळाच्या नियमातली आहे. भोपळ्याच्या स्पर्धेत ते ठीक आहे, तो हौसेचा खेळ आहे. पण शाळा, कॉलेज, नोकरी यांत ‘जागाच नाहीत’ असं ऐकलं की हा फरक तपासून बघावा. काही टंचाया खऱ्या असतात, आजोबांच्या पैशांसारख्या. तालुक्याला एकच शाळा असणं ही मात्र निसर्गाची करणी नव्हती.

मग दोन रोपांचं काय करायचं? रोगट असेल ते आधी बाजूला काढा. परवडेल तेवढे दिवस थांबा आणि थांबताना दोघांना सारखं ऊन द्या, म्हणजे निदान जे दिसेल ते रोपाचं असेल, खिडकीचं नसेल. वेल गुंतायच्या आत निर्णय घ्या. मला विचाराल तर मी घराण्याला थोडं झुकतं माप देईन, कारण तिथे निदान कोणीतरी काही वजनं लिहून ठेवलेली असतात. पण पैज लावणार नाही. आणि वहीत नोंद करताना ठेवलेल्या रोपाबरोबर उपटलेल्याचीही करा: कुठली बी, कितवा दिवस, किती पानं, का काढलं. ‘कारण सापडलं नाही, एकच ठेवायचं होतं’ असं लिहावं लागलं तरी तसंच लिहा.

माणसांच्या बाबतीत नोंद पुरत नाही. ज्याला ऊन मिळालं त्याच्याकडे काहीतरी येणं लागतं. काकांची दोन्ही मुलं अकरावीपासून आमच्या घरी राहून शिकली. बाबांनी त्यांची फी भरली, आईने त्यांचे डबे केले. याला घरात कोणी उपकार म्हणत नव्हतं आणि परतफेडही म्हणत नव्हतं. थोरली बहीण, म्हणजे काकांची मुलगी, स्टॅटिस्टिक्स शिकली. आता ती आकडे सांगते आणि लोक तिला त्याचा पगार देतात.